वयनीच्या ओट्यासाठी दोन सुऱ्या

गेल्या मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा वयनी, म्हणजे माझी वहिनी, ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होती. मी उंबऱ्यातच थबकले. तिला आमच्या घरात येऊन सत्तावीस वर्षं झाली, पण चिरायचं काम तिला उभ्यानं करताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

आमचं घर मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या अलीकडे. दादाची नारळ-पोफळीची बाग आहे आणि मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात. त्यांचं जेवण वयनीच्या हातचं. मोसमात दोन्ही वेळेला बारा-पंधरा पानं उठतात. हा सगळा पसारा तिनं आजवर आडाळ्यावर बसून उरकला. आडाळो म्हणजे आमच्याकडची विळी. खाली लाकडी पाट, त्यात रोवलेलं उभं पातं आणि पात्याच्या शेंड्याला खवणीचे दाते. गेल्या हिवाळ्यात तिच्या उजव्या गुडघ्याची झीज झाल्याचं निघालं. डॉक्टरांनी मांडी घालून बसणं बंद केलं, उकिडवं बसणं तर अजिबातच नको म्हणून सांगितलं. मग तिनं आडाळो उचलून ओट्यावर ठेवला.

पण आडाळो ओट्यावरचा नव्हेच. जमिनीवर बसलं की पाट पायाखाली घट्ट दाबलेला असतो, सगळं अंग त्याला धरून असतं. ओट्याच्या गुळगुळीत कडप्प्यावर तो सरकतो, आणि पातं थेट छातीसमोर येतं. महिनाभरात तिच्या दोन बोटांना पट्ट्या लागल्या. मग आडाळो पुन्हा खाली गेला आणि फळीवरच्या डब्यातून एक प्लास्टिकच्या मुठीची दातेरी सुरी बाहेर आली, कधीतरी जत्रेत घेतलेली. मी पाहिलं तेव्हा ती टोमॅटोच्या सालीवरून घसरत होती आणि वयनी तिच्यावर सगळा जोर टाकत होती. बोथट सुरीला जोर लागतो, आणि जोर लावलेली सुरी घसरली की सरळ हातात जाते. मला बघवेना.

तेव्हाच मनाशी ठरवलं, गणपतीला येताना वयनीला चांगली सुरी आणायची. आमच्या आईमागं या बाईनं मला माहेर ठेवलं आहे. तिला साडी दिली तर ती कपाटात ठेवते. सुरी रोज तिच्या हातात राहील.

लगेच दुकानात जाऊन घेतली असती तर चुकीचीच घेतली असती. आधी दोन दिवस मी तिच्या स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसले आणि नुसती बघत राहिले. भेट देण्याआधी तिचे हात बघितले, याचा मला आजही आनंद आहे. लहानपणापासून मीही विळीवरच चिरत आले, पण एक गोष्ट माझ्या तेव्हाच नीट ध्यानात आली. विळीचं पातं जागचं हलत नाही, हलतात ते दोन्ही हात. वस्तू दोन हातांत धरून आपण पात्यावर नेतो. सुरीचं नेमकं उलटं. वस्तू फळीवर स्थिर, डावा हात स्थिर, आणि पातं चालतं. सत्तावीस वर्षं, आणि त्याआधी तिच्या माहेरची पंधराएक, वयनीचा डावा हात पुढं सरकत आला होता. आता सुरी हातात असली तरी तो जुन्या सवयीनं कांदा पात्याकडे ढकलत होता. बोट कापायचा खरा धोका तिथं होता. म्हणजे सुरीबरोबर हाताला नवीन वळणही लागणार होतं, आणि ते वळण घेताना पातं फार लांब, फार जड नको.

काय काय चिरते त्याचीही मी मनात नोंद करत गेले. कांदा रोजचा दोन-अडीच किलो. टोमॅटो, कोथिंबीर, मिरच्या. कापा फणस, त्याच्या चिकासाठी पात्याला खोबरेल लावून. सुरमईच्या तुकड्या, बांगडे, सुंगटां म्हणजे कोलंबी. खोबरं मात्र खवणीवरच, त्याला जगातली कुठलीही सुरी पर्याय नाही, म्हणून आडाळो घरातून जाणार नव्हताच. त्याला दादानं नंतर एक लोखंडी चौकट करून घेतली. ती उंच बाकाला स्क्रूनं आवळता येते, आणि वयनी आता खुर्चीत बसून खोबरं खवते.

आणि एक गोष्ट, जी बाहेरच्या माणसाच्या ध्यानात आली नसती. आमच्या घरात आडाळे दोन आहेत. एक वशाटाचा, म्हणजे मासळी-मटणाचा, एक शिवराकाचा, म्हणजे शाकाहारी जेवणाचा. सोमवारी, संकष्टीला, गणपतीत, श्राद्धपक्षात माशांच्या आडाळ्याला कुणी हात लावत नाही. तेव्हा सुऱ्याही दोन लागणार हे उघड होतं. एकच महागडी सुरी दिली असती तर ती पहिल्याच सोमवारी अडली असती.

रत्नागिरीला परत जायच्या आदल्या दिवशी मी लोहाराकडे गेले. आमच्या गावाकडच्या कोयत्या, पाळकोयते, आडाळ्याची पाती तोच करतो. भात्याची जागा आता विजेच्या पंख्यानं घेतली आहे, पण ऐरण त्याच्या आजोबांची. मी म्हटलं, वयनीला मासे कापायला पातळ सुरी करून दे. त्यानं मान हलवली. “बाये, पातळ सुरी माझ्याकडना घेव नको. कोयती होई तर सांग, करून दितंय.”

का, ते त्यानं समजावून सांगितलं. तो वापरतो ते पोलाद ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं. घाव सोसायला ते उत्तम, वाकतं पण तुटत नाही. पण त्याला गंज चढतो. जाड कोयतीवरचा गंज रोज राखेनं आणि नारळाच्या सोडणानं घासून काढता येतो. पातळ सुरीची धार मात्र आमच्या खाऱ्या हवेत एका रात्रीत लालसर होते, आणि गंज म्हणजे धारच खाल्ली गेली. शिवाय अशा पात्यानं कोकम, कैरी, कांदा कापला की पातं काळवंडतं आणि चवीलाही लोखंड उतरतं. आपला माल विकायचं सोडून त्यानं हे सांगितलं. मी त्याच्याकडून एक आखूड कोयती करून घेतली, सुरमईच्या काट्यासाठी. पातं तापून लाल झाल्यावर त्यानं फक्त धारेची कड पाण्यात बुडवली, पाठ तशीच ठेवली. धार कडक, पाठ चिवट. पाणी देणं म्हणतात ते हेच, आणि मी ते इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिलं. पाण्यातून चर्र आवाज आला, वाफेचा एक झोत वर गेला, आणि कडेवर निळसर-पिवळसर रंग पसरत गेले. तो डोळे बारीक करून त्या रंगांकडे बघत होता. किती तापलं, किती थांबायचं, हे सगळं तो रंगावरून ठरवतो.

जून सुरू झाला. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारी बंद असते, पर्यटकही नसतात, वयनीला जरा उसंत. माझ्या हातातही दोन-अडीच महिने होते.

त्यातला पहिला महिना एका चुकीत गेला. ऑनलाइन एक सुरी दिसली. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी सुंदर नक्षी, खाली ‘दमास्कस, ६७ थर’ असं लिहिलेलं, किंमत बाराशे रुपये. खऱ्या थरांच्या पात्यात मधे कडक पोलादाचा गाभा असतो आणि दोन्ही बाजूंनी मऊ पोलादाचे थर एकमेकांवर ठोकून बसवलेले असतात. नक्षी त्या थरांतूनच उमटते. एवढं वाचलेलं असूनही किमतीचा विचार मी केला नाही. सुरी आली, धुतली, भांड्याच्या काथ्यानं जरा घासली, तर मुठीजवळची नक्षी फिकी झाली. ती वरून छापलेली होती. चार गाजरं कापली तर धार एका बाजूला दुमडली. सुरी परत पाठवली, पैसे तीन आठवड्यांनी आले. पैशांपेक्षा मला वाईट याचं वाटलं, की ही तशीच गुंडाळून वयनीला दिली असती तर ती बिचारी “बरी आसा” म्हणून वापरत राहिली असती.

यानंतर मात्र ठरवलं की पातं हातात घेतल्याशिवाय घ्यायचं नाही. जुलैत ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी मुंबईला जायचं होतं. शेवटच्या दिवशी लवकर सुटका झाली तशी क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला गेले. हॉटेलांना भांडी आणि हत्यारं पुरवणारं एक जुनं दुकान कुणीतरी सांगितलं होतं. बाहेर छत्र्यांची गर्दी, आत दोन आचारी मोठमोठी पाती तोलून बघत उभे. गल्ल्यावरच्या काकांनी मला काय हवं ते विचारलंच नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले. कोण वापरणार, काय कापणार, आणि धार कोण लावणार.

पहिल्या दोन्हींची उत्तरं माझ्याजवळ तयार होती. तिसऱ्याला मी गप्प. काका म्हणाले, “मग ते आधी ठरवा, त्यावरून पोलाद ठरेल.”

त्यांनी तीन प्रकारची पाती मखमलीवर मांडली. पहिलं जर्मन, झोलिंगेनचं. हातांनी पाती घडवणाऱ्यांचं हे गाव इतकं नावाजलेलं, की १९३८ सालापासून त्याचं नाव पात्यावर कोरायला कायद्याची अट आहे, माल तिथंच बनलेला असावा लागतो. पात्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, एक्स ५० सीआर एमओ व्ही १५. मी ते बँकेच्या पासबुकासारखं वाचत होते, काकांनी त्याचा अर्थ सांगितला. ५० म्हणजे अर्धा टक्का कार्बन, १५ म्हणजे साधारण पंधरा टक्के क्रोमियम, मधली अक्षरं मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियमची. कार्बननं पातं कडक होतं. क्रोमियमनं पात्यावर डोळ्यांना न दिसणारा एक पातळ थर धरतो, तो गंज अडवतो. मी कोकणातली म्हटल्यावर त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली. मिठाला हा थर फोडता येतो. खाऱ्या पाण्याचा थेंब पात्यावर तसाच सुकला तर स्टेनलेसलाही सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. म्हणून मासे कापले की लगेच गोड्या पाण्यानं धुवायची, कोरडी पुसायची, सिंकमध्ये ठेवायची नाही.

दुसरं पातं जपानी. ते हातात घेतल्यावर मला बोलायचं सुचेना. पाकळीसारखं पातळ, वजन जवळजवळ नाहीच, आणि कागदाला लावलं तर आवाज न करता खाली उतरलं. पोलादाचा कडकपणा रॉकवेल नावाच्या मापानं मोजतात. जर्मन पाती ५६ ते ५८ च्या घरात असतात, हे ६० च्या पुढचं. कडक म्हणून धार जास्त दिवस टिकते, अधिक निमुळती लावता येते. पण तेच कडक पोलाद ठिसूळही असतं. सुरमईच्या काट्यावर आदळलं, बर्फात गोठलेल्या माशावर चाललं, चुकून नारळाच्या करवंटीला लागलं, की धारेचा कपचा उडतो. मऊ पोलादाची धार तशा वेळी नुसती वाकते, ती सरळ करता येते. वयनीच्या स्वयंपाकघरात दिवसाला दहा माणसं येतात-जातात, पुतणे कशानंही काहीही कापतात. मी ते पातं परत मखमलीवर ठेवलं. मनातून नाही ठेवलं, पण ठेवलं.

तिसऱ्या रांगेत साध्या दिसणाऱ्या सुऱ्या होत्या, ठोकून घडवलेल्या नव्हेत, पत्र्यातून कापून घासलेल्या, खरबरीत साच्यातल्या मुठीच्या. यातली एक व्हिक्टोरिनॉक्सची, म्हणजे १८८४ साली स्वित्झर्लंडमधल्या इबाखला सुरू झालेल्या कारखान्याची. दिसायला काहीच नाही. काकांनी माझ्या तळहातावर साबणाचं पाणी ओतलं आणि म्हणाले, आता तिन्ही धरून बघा. जर्मन सुरीची काळी चकचकीत मूठ माझ्या मुठीत फिरली. जपानी लाकडी मूठ बरी वाटली, पण आमच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि खिळ्यापाशी बुरशी धरतं. ही खरबरीत मूठ हातात चिकटून राहिली. बांगडा साफ करताना हात कसा बुळबुळीत होतो हे जिनं अनुभवलं आहे तिला या एका परीक्षेत सगळं कळेल.

आणि मग त्यांनी खालचा खण उघडला, तर त्याच मुठी निरनिराळ्या रंगांत. मोठ्या हॉटेलांत रंग वाटून दिलेले असतात, हिरवी मूठ भाजी-फळांना, निळी कच्च्या माशांना, लाल कच्च्या मटणाला, म्हणजे एकाचा अंश दुसऱ्याला लागत नाही. मला हसूच आलं. शिवराक आणि वशाट! जे आमच्या आजीनं दोन आडाळ्यांत वाटलं होतं तेच इथं रंगात वाटलेलं होतं.

हिरव्या मुठीची घेतली ती १७ सेंटिमीटरची सान्तोकू घाटाची. सान्तोकू हा जपानी शब्द, अर्थ तीन गुण. धार जवळजवळ सरळ असते, त्यामुळे सुरी पुढंमागं झुलवावी लागत नाही, वरून खाली दाबत नेलं तरी चालतं. नवशिक्या हाताला ते सोपं. निळ्या मुठीची घेतली ती अरुंद, १५ सेंटिमीटरची, जराशी लवणारी, माशाच्या पोटात आणि काट्याच्या कडेनं फिरेल अशी. काट्यावर घाव घालायला लोहाराची कोयती होतीच. दोन्ही सुऱ्या मिळून पाच हजारांच्या आत बसल्या.

उरला तिसरा प्रश्न. काकांनी पाण्यात भिजवायचा एक दगड दिला, एका बाजूनं १००० नंबरचा, दुसऱ्या बाजूनं ६००० चा. नंबर जितका मोठा तितका दगडाचा कण बारीक, म्हणजे दगड मऊ. “फिरत्या धारवाल्याकडे देऊ नका,” ते म्हणाले, “त्याच्या चाकावर पातं तापतं आणि पाणी उतरतं.” पाणी उतरतं म्हणजे काय, हे मला आता सांगावं लागलं नाही.

कोकणकन्येनं परत येताना दोन्ही सुऱ्या पुठ्ठ्यात बांधून कपड्यांच्या मधे ठेवल्या होत्या. रात्रभर बॅगेवर हात ठेवून झोपले.

पुढचा दीड महिना मी रत्नागिरीत माझ्या घरातल्या जुन्या सुरीवर धार लावायला शिकले. वयनीच्या सुरीला हात लावायची माझी तयारी नव्हती. दगड पाण्यात ठेवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग ओल्या फडक्यावर ठेवायचा, म्हणजे हलत नाही. पातं दगडावर जवळजवळ आडवं, पाठ थोडी उचललेली. हा कोनच सगळा खेळ आहे. पंधरा अंश म्हणतात, पण अंश हाताला कसे कळणार? मी हिशेब केला. साडेचार सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून सुमारे १२ मिलीमीटर वर राहिली की पंधरा अंश होतात. माझी करंगळी मोजली, तेवढीच जाड. तेव्हापासून पहिला झटका देण्याआधी पाठीखाली करंगळी घालून बघते, मग काढते.

टाचेपासून टोकापर्यंत घासत न्यायचं, दाब हलका. राखाडी चिखल सुटतो, तो धुऊन टाकायचा नाही, तोच काम करतो. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं अंगठा धारेवरून आडवा, बाहेरच्या दिशेनं फिरवला की खरखर लागते. पोलादाचा एक केसाएवढा काठ पलीकडे वळलेला असतो. तो टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे लागेस्तोवर बाजू बदलायची नाही. पहिले पंधरा दिवस मी हेच चुकले. खरखर मधे लागायची, टोकाला नाही, आणि मी बाजू बदलायचे. मग सुरी मधे कापायची आणि टोकाला चिरडायची. एका रविवारी दुपारी पाऊस धरून होता, खिडकीशी बसून तासभर एकाच बाजूवर राहिले, आणि टोकापर्यंत तो काठ उमटला. दुसरी बाजू झाली, मऊ दगड झाला, शेवटी वर्तमानपत्रावर दोनचार वेळा उलटं ओढलं. मग पिकलेला टोमॅटो घेतला, सुरी नुसती टेकवली, हाताचा दाब न देता मागं ओढली. साल उघडली. मी एकटीच घरात होते, तरी मोठ्यानं “झाली!” म्हणाले.

गावातल्या सुताराला फोन करून फणसाच्या लाकडाच्या दोन फळ्या करून घेतल्या, पॉलिश न लावलेल्या. कडप्पा, काच, स्टीलचं ताट यांच्यावर कापलं तर कितीही भारी धार चार दिवसांत जाते. अनेक घरांत सुरीला नावं ठेवतात, खरा दोष ओट्याचा असतो.

गणपतीच्या आदल्या दिवशी घरी पोचले. आमच्याकडे सुरी हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायची आणि घेणाऱ्यानं उचलायची. मी पाटावर फडकं पसरून दोन्ही सुऱ्या, कोयती, फळ्या मांडल्या. वयनी ओले हात पदराला पुसत आली, नुसती बघत राहिली. मग आत गेली, करंडा घेऊन आली, आणि तिन्ही पात्यांना हळदकुंकू लावलं. त्यानंतरच हिरवी मूठ हातात घेतली. “गो, इतक्या कित्याक?” एवढंच म्हणाली. पण तिनं सुरी तळहातावर तोलून बघितली, पातं उजेडाकडे धरून धारेची रेघ बघितली, आडाळ्याचं नवं पातं आलं की बघते तसं. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

खरी परीक्षा ऋषिपंचमीला. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, परसातलं, वेलावरचं, कंदमुळांचं जे असेल त्याची एकच भाजी. अळू, लाल माठ, शिराळी, पडवळ, भेंडी, सुरण, भोपळा, मक्याची कणसं. घरात अठ्ठावीस माणसं होती. वयनी फळीपाशी उभी राहिली आणि पहिला अर्धा तास फार अवघड गेला. डावा हात पुन्हा पुन्हा पुढं यायचा. “आडाळ्यार माका बघूक लागणा नाय,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात थकवा होता. मी तिच्या शेजारी उभी राहून दाखवलं. बोटांची टोकं आत दुमडायची, मांजर पंजा ठेवतं तशी, आणि पात्याची बाजू बोटांच्या मधल्या पेरांना टेकू द्यायची. मूठ मागं धरायची नाही, अंगठा आणि पहिलं बोट पात्याच्या बुडाशी चिमटीत. भेंडी सरळ गेली. पडवळ गेलं. भोपळ्यात सुरी अडकली, ती सोडवून भोपळ्याचा एक काप आधी काढून सपाट बाजू खाली घातली, मग तो लोळेना. सुरणापर्यंत येता येता तिनं माझ्याकडे बघणं थांबवलं होतं. चिंचेचं पाणी हाताला लावून ती सुरणाचे चौकोन पाडत होती, सगळे एकसारखे, आणि तोंडानं धाकट्या जावेला खोबऱ्याचं माप सांगत होती.

निळी मूठ गौरी-गणपती पाण्यात गेल्यावर निघाली. मी तेव्हा रत्नागिरीत होते. दादानं फोनवर सांगितलं, पहिल्या दिवशी तिनं चार बांगडे निळ्या सुरीनं आणि बाकीचे खाली बसून आडाळ्यावर केले. त्यावरून दोघांचं वाजलंही. मग हळूहळू सगळे बांगडे ओट्यावर आले. सुंगटां मात्र ती अजून हातानंच सोलते.

दिवाळीला गेले तेव्हा दोन्ही सुऱ्या आधी हातात घेतल्या. निळीचं पातं स्वच्छ होतं, एकही डाग नाही. ती रोज रात्री पुसून भिंतीवरच्या लाकडी पट्टीत खोचते, सिंकमध्ये एकदाही ठेवलेली नाही. हिरवीचं टोक मात्र दोन मिलीमीटर वाकलं होतं. मोठ्या पुतण्यानं रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं होतं. वयनी माझ्यापुढं उभी, जणू तिनंच काही मोडलं. मी म्हटलं, मऊ पोलाद घेतलं ते याचसाठी.

पडवीत ऊन आलं होतं. दगड भिजवला, वाकलेलं टोक आधी दगडाच्या कडेवर काढून टाकलं, मग धार जुळवत आणली. एक बाजू मी केली. दुसऱ्या बाजूला वयनी पुढं झाली, स्टूल ओढून बसली, आणि न विचारता पाठीखाली करंगळी घालून बघितली. तिची करंगळी माझ्यापेक्षा बारीक आहे, म्हणून तिनं पाठ जरा जास्त उचलली. दगड मी तिथंच ठेवून आले.